तांब्याच्या बाहुलीचे चांदीचे केस

"फुटले! केस फुटले!" सभागृहात एकच गलका झाला. टेबलावरच्या काचेच्या भांड्यात, नितळ पाण्यात, तांब्याच्या तारेची बाहुली लटकत होती. तिच्या अंगावर चमचमते केस बघता बघता लांब होत होते. पाण्यावर निळी झाक चढत होती.

"आजींचं दुखणं केसाकेसानं बाहेर पडतंय," टेबलामागे उभा असलेला बुवाबाबा म्हणाला. "निळं उतरतंय ते गोळ्यांचं विष. बाहुली केसांनी भरेपर्यंत दाराची कडी काढायची नाही. वारा लागला की दुखणं उलटतं!"

वाऱ्यालाही आता बाबाची परवानगी लागत होती.

खुर्चीतल्या आजींना धाप लागली होती. बाबाच्या सांगण्यावरून चार दिवस हृदयाच्या गोळ्या बंद. पाय सुजून टम्म. शेजारी त्यांची सून घुसमटत उभी होती. कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती केसाहून शेकडो पटींनी बारीक चांदीच्या तारा बनवायची. समोरचा प्रकार तिने केव्हाच ओळखला होता. पण नवऱ्याने दंड धरला होता.

"तोंड उघडलंस तर घरी येऊ नकोस."

मागे गर्दी, पुढे बाबा, दाराला कडी. इतक्यात सासूबाईंची मान कलली. तिने दंड हिसकून सोडवला.

"बाबा, बोटं काळी कशानं झाली?"

"लोकांची दुखणी ओढून घेतो, बाई."

"माझीही काळीच आहेत. मी तर कोणाचं काही ओढत नाही. चांदीचा क्षार हातावर सांडला की असे डाग पडतात."

ज्या सुरईतून बाबाने भांडं भरलं होतं, तिच्यातलं उरलेलं पाणी तिने पेल्यात ओतलं आणि पुढच्या रोग्यासाठी टेबलावर ठेवलेली दुसरी बाहुली त्यात सोडली. बाबा "पाप लागेल!" म्हणून ओरडेपर्यंत बाहुलीला लव फुटली होती.

"आता हे कोणाचं दुखणं?" तिने विचारलं. "पाण्यात चांदी विरघळलेली आहे. तांबं विरघळतं, म्हणून पाणी निळं होतं. त्याच्या जागी चांदी बसते. टोकांना चांदी असलेलं ताजं पाणी आधी मिळतं, म्हणून टोकंच पुढे वाढत जातात. आम्ही तारा बनवतो तेव्हा तारेच्या बाजूंना लेप बसवतो, म्हणजे चांदी फक्त दोन्ही टोकांनाच चिकटते. इथे लेप नाही, म्हणून झिपऱ्या!"

"माझ्या आईचं काय मग?" नवऱ्याचा आवाज चिरकला.

सासूबाईंनीच उत्तर दिलं, तुटक श्वासांत. "कडी काढ रे. मला डॉक्टरकडे ने."

कडी त्यानेच काढली. आजी वाचल्या, पण आठ दिवस दवाखान्यात काढून. त्या दिवशी सभागृहात दोनशे माणसं होती आणि कोणाच्याही डोळ्यांत दोष नव्हता. केस खरेच वाढत होते. चुकलं एवढंच, की "कशामुळे?" असं विचारायला सून एकटीच पुढे आली. तुम्ही विचारा. गोळ्या बंद करण्याआधी विचारा.