दोन कागदांची फट

मिस्त्रींनी गिटारची मान धरून अलगद वर उचलली. मान हातात आली, धड टेबलावरच राहिलं.

"पुन्हा बघा ना, काका," पुतणी म्हणाली.

पुन्हा बघण्यासारखं काही नव्हतं. सरस न लावता मान धडाच्या खाचेत बसवायची आणि मानेला धरून उचलायचं. धड सोबत आलं तर सांधा खरा. ही परीक्षा मिस्त्रींनीच तिला पहिल्या दिवशी सांगितली होती, आणि तीही अशा थाटात, की जणू जन्मभर गिटारीच केल्या. केली होती दारं आणि कपाटं, चाळीस वर्षं. ही इलेक्ट्रिक गिटार पहिलीच, पुतणीने हट्ट धरला म्हणून. काल चष्मा पुसायचा कंटाळा केला आणि पटाशी खाचेच्या डाव्या अंगाला जराशी जास्त चालली. आता दुसरं धड करायला लाकूड नव्हतं आणि तिचा कार्यक्रम आठवड्यावर आला होता.

"सरस जास्त घालू. आत कोण बघतंय?"

"मी बघतोय."

"मग बाबा घालायचे तशी पाचर घाला."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. बारा वर्षांत या कारखान्यात पाचरेचं नाव कोणी काढलं नव्हतं. तिचे बाबा म्हणजे मिस्त्रींचा धाकटा भाऊ. दोघं एकाच टेबलावर काम करायचे. एका कपाटाच्या ढिल्या सांध्यात धाकट्याने पातळ पाचर बसवली, आणि मिस्त्रींनी गिऱ्हाइकासमोर त्याचा पाणउतारा केला. "चुका झाकायच्या असतील तर दुसरीकडे जा," म्हणाले. धाकटा खरंच गेला. शाळेत शिपाई झाला, हत्याराला पुन्हा हात लावला नाही. ते कपाट आजही जागचं हलत नाही, हे गिऱ्हाईक भेटेल तेव्हा कौतुकाने सांगायचं, आणि मिस्त्री विषय बदलायचे.

पाचर मिस्त्रींनाही घालता आली असती, गुपचूप. पण ज्या गोष्टीपायी सख्ख्या भावाला घालवलं, तीच मागल्या दाराने करायची त्यांना लाज वाटली.

"बाबांना बोलाव," ते म्हणाले. "सांग, दादाचा सांधा चुकलाय. अगदी असंच सांग."

धाकटा शाळा सुटल्यावर आला. उजवा हात खिशात होता. तो हल्ली थरथरतो, हे मिस्त्रींनी ऐकलं होतं. दोघांनी एकमेकांकडे न बघता गिटारकडे बघितलं. धाकट्याने मान खाचेत बसवली आणि डाव्या हाताचं नख फटीवरून फिरवलं.

"दोन कागद."

"कसले? पुठ्ठ्याचे?"

"वहीचे. शाळेत मी दुसरे कुठले बघणार?" मग म्हणाला, "मानेच्याच लाकडाचा तुकडा घे. रेषा मानेच्या रेषांबरोबर जाऊ देत. आडवी नको, चिरेल."

"मला शिकवतोस?"

"नको असेल तर जातो."

"थांब रे. लगेच काय जातोस!"

मिस्त्रींनी रंधा लावला. दोनदा धाकट्याने "अजून" म्हटलं, दोनदा त्यांनी मुकाट्याने ऐकलं. पाचर शेवटी इतकी पातळ झाली की दिव्यापुढे धरल्यावर उजेड आरपार दिसला. ती खाचेच्या डाव्या अंगाला लावली, मान दाबून बसवली आणि पुतणीने गिटार उचलली. धड सोबत वर आलं. ती तशीच उभी राहिली, खाली ठेवायला तयार होईना.

सरस लावण्याआधी मिस्त्रींनी सांधा पुन्हा उघडला. प्रत्येक सांध्याच्या आत पेन्सिलीची एक रेघ ओढायची, ही त्यांची जुनी सवय. रेघ ओढून त्यांनी पेन्सिल भावापुढे धरली.

"माझा हात हलतो, दादा."

"हलू दे."

धाकट्याने खिशातून हात काढला. पहिल्या रेघेशेजारी दुसरी रेघ उमटायला बराच वेळ लागला. मग मिस्त्रींनी सरस लावला, मान बसवली आणि शिकंजा आवळत नेला. दोन्ही रेघा आत गेल्या.

"माझी वाकडी आली," धाकटा म्हणाला.

"आत कोण बघतंय?" मिस्त्री म्हणाले, आणि चष्मा काढून पुसायला लागले.