फणा काढलेलं पाचाचं नाणं

पळसदेवच्या काठावर त्या गुरुवारी चपला काढायला जागा नव्हती. इंदापूरहून जीपा भरून आल्या होत्या, कन्हेरीतून दोन टेम्पो. एवढी माणसं उन्हात उभी होती ती पाच रुपयांच्या एका नाण्याच्या दर्शनाला. पाच रुपयांत हल्ली धड चहा मिळत नाही, पण इथं म्हणे रोग बरे होत होते.

त्या नाण्यावर नाग उमटला होता. काठापासून वळवळत निघालेली रेघ, ती सिंहाच्या डोक्यापाशी जाऊन थांबलेली, आणि टोकाला फुगीर फणा. उजनी धरणाचं पाणी उतरलं, जुनं देऊळ उघडं पडलं, आणि त्याच्या उंबऱ्यावर हे नाणं आपल्याला सापडलं, असं नागबाबा सांगायचा. देऊळ पाण्यात जाऊन चाळीस वर्षं उलटली आणि नाण्यावर साल दोन हजार बारा. देवानं पाण्याखाली एटीएम काढलं असावं. पण सालाकडे बघतो कोण? सगळ्यांची नजर फण्यावर.

"कलियुगात देव दगडात ऱ्हाईना, म्हणून त्यानं धातू धरला," बाबा डोळे मिटून म्हणायचा. "नऊ गुरुवार नाण्याचं पाणी प्या. डाक्टरच्या गोळ्या मात्र बंद. दोन औषधं एका पोटात नांदत न्हाईत."

या शेवटच्या वाक्यानं माझं डोकं फिरलं, कारण ते माझ्या सासूनं मनावर घेतलं होतं. मी मनिषा, गावची आशाताई. गावाला गोळ्या वेळेवर घ्या म्हणून घसा कोरडा करते, आणि माझ्या घरात माझ्या सासूबाई ठमाबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, त्या तांब्यात बुडवलेल्या नाण्याचं पाणी पितात. आत्यांना साखरेचा जुना आजार. पायाच्या अंगठ्याला जखम झालेली. ड्रेसिंग आणि गोळ्या चुकवल्या तर पाय जाईल, हे डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच सांगितलं होतं. लोक हसतील ते हसोत, पण मला रात्री झोप लागत नव्हती.

म्हणून मी भर गर्दीत ओरडले की ही रेघ खिळ्यानं कोरलेली आहे, लोकांना फसवू नका. बाबा चिडला नाही. त्यानं नाणं माझ्यापुढे धरलं.

"नख फिरव, ताई. कोरलं तर खड्डा पडतो. ह्यो तर वर आलाय."

मी नख फिरवलं. रेघ खरंच उठावाची होती. खिळ्यानं असं होत नाही, हे मलाही कळत होतं. लोक हसले, आणि बाबाला न मागता माझंच सर्टिफिकेट मिळालं. अर्धवट माहितीवर तोंड उघडायची माझी जुनी खोड आहे. घरी आल्यावर आत्यांनी उरलेल्या गोळ्या चुलीत टाकल्या.

"आता तर तूच हात लावून बघितलंस," त्या म्हणाल्या.

सोमवारी अंगठ्याची कड काळी पडलेली दिसली. दवाखान्यात चला म्हणून पाया पडले, तर अजून सात गुरुवार राहिलेत म्हणाल्या. मी रडकुंडीला येऊन शेजारच्या मेहबूबबीचाचीच्या दारात बसले. पाडवा तोंडावर होता, आणि चाचीच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या साखरेच्या गाठी पाडतात. लाकडी साच्यात पाक ओतायचा, दोरा सोडायचा, थंड झालं की साचा उघडायचा. समोर ताटात गाठी मांडल्या होत्या. प्रत्येक गाठीवर, अगदी त्याच जागी, एक वळवळती उठावाची रेघ होती.

"चाची, हा नाग कुणी काढला?"

"कसला नाग? साचा तडकलाय, बाई. भेगेत पाक शिरतो आन्‌ रेघ वर येती. हितं टवका उडालाय, तितं गोळा बसतो. नवा साचा करायला सांगितलाय, पण सुताराला टाइम कुठं हाय?"

मी चाचीला नाण्याची सगळी कथा सांगितली. ती आधी पोट धरून हसली. मग आत्यांच्या अंगठ्याचं ऐकून गुरुवारी मीही येते म्हणाली.

गुरुवारी चाचीनं बाबापुढे फडकं पसरलं, साचा ठेवला आणि शेजारी गाठी. नाणंसुद्धा साच्यानंच पडतं, ती सगळ्यांना सांगू लागली. तो साचा पोलादाचा, पण लाखो ठोके खाऊन तोही तडकतो. दाबलेला धातू त्या भेगेत शिरतो आणि नाण्यावर रेघ उठते.

बाबा म्हणाला, "साखरेची आन्‌ देवाची बरोबरी करती व्हय?"

"बरोबरी ऱ्हाऊ द्या," चाची म्हणाली. "साचा तडकला की एकच गाठ बिघडत न्हाय, आख्खा घाणा बिघडतो. तुमच्या दक्षिणेच्या ताटातनं ह्याच सालाची पाचाची नाणी काढा."

बाबानं ताट मागं ओढलं. पण माझ्या आत्यांनी लंगडत पुढं होऊन ते धरलं. नाग जास्त निघाले तर त्यांना हवेच होते. त्यांनी फतकल मारली आणि एकेक नाणं डोळ्यांजवळ नेऊन बघू लागल्या. बऱ्याच वेळानं एक सापडलं. तोच काठ, तेच वळण, तोच फणा. मग आणखी एक. त्यावर मात्र नाग अर्धाच होता, फणा नव्हताच.

"ह्यो आदी पडलेला," चाचीनं समजावलं. "तवा भेग ल्हान हुती. ठोके बसंल तशी वाढत गेली."

आत्यांनी दोन्ही नाणी तळहातावर शेजारी शेजारी ठेवली. मग त्यांनी बाबाकडे बघितलं.

"देव काय हप्त्याहप्त्यानं उगावला व्हय रं, मुडद्या?"

बाबा पाणी आणतो म्हणून उठला आणि कन्हेरीच्या टेम्पोतून पसार झाला. आम्ही तिथूनच आत्यांना इंदापूरला नेलं. अंगठा गेला. पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आधी आणलं असतं तर अंगठाही राहिला असता. तो आठवडा माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

म्हणून हात जोडून सांगते. नवल दिसलं तर जरूर बघा, नख लावून बघा, पण कारण सापडलं नाही म्हणून लगेच देव बसवू नका. मला माहीत नाही, एवढं म्हणायला कुणाचं काही जात नाही. जो गोळ्या बंद करायला सांगतो, त्याला तर दारातूनच वाटेला लावा.

पाडव्याला चाचीनं गुढीसाठी त्याच तडकलेल्या साच्यातली गाठ पाठवली. संध्याकाळी गुढी उतरवली आणि बघते तर आत्या गाठीतला नाग कडाकडा चावत होत्या.

"आत्या, साखर हाय ती."

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या, आणि उरलेला तुकडा माझ्या हातावर ठेवून गोळी मागितली.