सोमवारचा आरसा

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी एक जुना आरसा आहे, आणि मूळचा शाळेतला नव्हे, केशकर्तनालयातला. त्यामुळे माझं बोलणं जरा लांबतं. ज्याची उमेदीची वर्षं दाढ्या आणि गप्पा यांच्यात गेली, त्याच्याकडून थोडक्यात सांगण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझी काच संगमनेरच्या एका दुकानात कापली गेली. तिथंच मला लाकडी चौकट बसली. मग गोणपाटात गुंडाळून, टेम्पोत उभा करून मला पुणतांब्याच्या अलीकडच्या एका गावात आणलं. गावाचं नाव सांगत नाही, उगाच कुणाला लागायला नको. तिथं एसटी थांब्यासमोर सुनीलभाऊंचं दुकान होतं. त्यांनी मला हौसेनं भिंतीवर चढवलं आणि माझ्या खालच्या कडेला लाल रंगानं लिहून घेतलं, 'कृपया राजकारणावर चर्चा करू नये'. गिऱ्हाईक खुर्चीत बसायचं, ते वाचायचं आणि राजकारणावरच सुरू व्हायचं. मी तरी काय करणार! हळद लागायच्या आदल्या दिवशीचे नवरदेव मी पाहिले, जावळ काढताना रडून लाल झालेली तान्ही पोरं पाहिली. उठताना गालावरून हात फिरवत लोक म्हणायचे, "सुनीलभाऊ, आरसा झकास आहे तुमचा." तेव्हा माझी छाती फुगायची. खोटं कशाला बोलू?

पुढं सुनीलभाऊंनी दुकान नवं केलं. भिंतभर आरसे आले, त्यांच्याभोवती दिवे आले, आणि मी मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांच्या सोबतीला गेलो. दमट भिंतीला टेकून बसल्यानं माझ्या एका कोपऱ्याचा पारा उडाला. माझ्यावर कोळ्यानं जाळं विणलं. कित्येक दिवस कुणी समोर आलं नाही. माणसाचं काय, तो एकटा असला तरी कुणीतरी असतो. आरशासमोर कुणीच नसलं तर तो नुसती काच.

तिथून मला सुकन्या मॅडमनी सोडवलं. त्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवतात. शाळेसाठी कुणाकडून खुर्ची माग, कुणाकडून रंगाचा डबा माग, असं त्यांचं चाललेलं असायचं. सुनीलभाऊ ओशाळून म्हणाले की कोपरा उडालाय मॅडम, बरं दिसणार नाही. मॅडम म्हणाल्या, "मुलांना आपला चेहरा दिसला की झालं."

झालं, मी शाळेच्या पडवीत आलो. पहिलीतल्या पोरांना दिसावं म्हणून मला खाली टांगलं. त्यामुळे चौथीतल्या पोरांना माझ्यात चेहरा बघायचा तर वाकावं लागतं, पण त्यांचे हात मला अगदी नीट दिसतात. हे लक्षात ठेवा. माझी सगळी गोष्ट हातांचीच आहे.

माझ्या शेजारी खिळ्याला सुतळीनं कंगवा बांधला, नेलकटर टांगलं, खाली पावडरचा डबा ठेवला. पहिलीतली पोरं माझ्यावरची लाल अक्षरं बोट लावून वाचायची, "रा, ज, का, र, ण." मग मॅडमना त्याचा अर्थ विचारायची. मॅडम म्हणायच्या, मोठे झालात की कळेल, आणि नाहीच कळलं तर बरंच आहे.

शाळेचा आठवडा मला तोंडपाठ झाला. मंगळवारी कविता, गुरुवारी पाढे, शनिवारी सकाळची शाळा, दप्तराला सुट्टी, आधी कवायत आणि मग परसबागेतल्या वाफ्यांना पाणी. आणि सोमवार माझा! परिपाठ झाला की अंगणात रांगा तशाच उभ्या राहायच्या आणि नखं, हात, केस तपासले जायचे. तपासणार कोण, तर बालमंत्रिमंडळातली आरोग्यमंत्री. हो, शाळेत मतदान होऊन मंत्री निवडले जातात, आणि तेही माझ्या त्या लाल अक्षरांसमोर उभं राहून! ज्याचे हात मळके निघतील त्यानं नळावर धुऊन यायचं आणि सगळे वर्गात जाईपर्यंत माझ्यासमोर उभं राहून आपलं आपण बघायचं. जो सगळ्यात नीटनेटका असेल त्याच्या शर्टाला कागदी गुलाब आणि माझ्याजवळ उभं करून फोटो. फोटो लगेच पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. मॅडमच्या मनात वाईट काही नव्हतं. पोरांना स्वच्छतेची गोडी लागावी एवढंच होतं, आणि ती लागलीही होती.

यंदाची आरोग्यमंत्री होती चौथीतली स्नेहल. शेतकऱ्याची लेक, घरी डाळिंबाची बाग, अंगात ऐट. बोटं अशी उलटीपालटी करून बघायची की मोठी पोरंसुद्धा तिला टरकायची. तिच्याच बाकावर एंजल बसायची. एंजलचे पप्पा इसहाक यांची ज्यूसची गाडी आहे. ती गाडी रविवारी आठवडे बाजारात लागते, आणि सकाळची प्रार्थना आटोपून चर्चमधून आलं की एंजल पप्पांच्या मदतीला डाळिंबं सोलत बसते. या दोघी एकमेकींच्या वेण्या माझ्यासमोर घालायच्या. एक वाकून बघायची, दुसरी मागं उभी राहून केस ओढायची. हसायच्या इतक्या की भांग वाकडा व्हायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. शाळेतली माझी सगळ्यात आवडती घटका तीच होती.

डाळिंबाचा हंगाम सुरू झाला आणि एका सोमवारी शाळा भरायच्या आधी दोघी अशाच माझ्यासमोर होत्या. स्नेहल सांगत होती की काल पप्पांबरोबर बाजारात आले होते, तुमच्या गाडीवरचा ज्यूस लई भारी हुता, पप्पांनी तर आणखी एक मागितला. एंजल हसली. तिची बोटं मला दिसली. काळपट पडली होती. ज्यांनी डाळिंबं सोलली आहेत त्यांना ठाऊक आहे, सालीचा रस बोटांना लागला की बोटं काळी पडतात, आणि साबण काय, कशानंच तो रंग दोनतीन दिवस जात नाही. स्नेहलला हे कुणी सांगायला नको होतं. तिच्या घरात हंगामभर मोठ्यांची बोटं तशीच असतात.

तेवढ्यात आदिनाथ नावाचा मुलगा मागून गेला. मागच्या सोमवारी त्याला स्नेहलनं नळावर पाठवलं होतं, तो राग होताच. जाता जाता तो म्हणाला, बघू की आज, मंत्रीबाई मैत्रिणीला सोडती का धरती.

परिपाठ झाला. स्नेहल रांगेतून तपासत एंजलपाशी आली. एंजलनं हात पुढं केले आणि हसून स्नेहलच्या तोंडाकडं बघितलं. सगळी रांग बघत होती. आदिनाथ तर टाचा उंचावून. मॅडमनी पडवीतून विचारलं, "काय गं स्नेहल, कसले डाग आहेत?"

स्नेहलनं एकदा आदिनाथकडं बघितलं. मग म्हणाली, "हात धुतले न्हाईत मॅडम."

एंजल हळूच म्हणाली, "धुतलेत." पण रांगेत हशा पिकला होता, तो आवाज कुणापर्यंत गेला नाही. वर मॅडम म्हणाल्या, "शाब्बास! मंत्री असावी तर अशी. मैत्रीण म्हणून सोडलं नाही." पोरांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांनी घात केला, मित्रांनो. टाळ्या पडल्या नसत्या तर स्नेहल मधल्या सुट्टीतच मॅडमना खरं सांगून मोकळी झाली असती, असं मला अजून वाटतं. पण एकदा शाबासकी घेतली, ती परत कशी द्यायची?

एंजल नळावरून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. चौथीतल्या मुलीला माझ्यात चेहरा दिसत नाही, तिला तिचे हातच दिसले. ती ते उलटेसुलटे करून बघत राहिली. मला वाटत होतं, फुटून जावं. पण आरशाला तेवढंही आपल्या मनानं करता येत नाही. जे समोर आहे ते दाखवायचं, बस्स.

पुढचा सोमवार आला. पुन्हा तीच बोटं आणि पुन्हा तोच हशा. स्नेहलनं त्या दिवशी तोंडानं काही म्हटलं नाही, नुसती नळाकडं मान हलवली. पण मान हलवली. एंजलनं या खेपेला नळाजवळचा विटेचा तुकडा घेतला आणि घासत सुटली. अंगठ्याची सालटी निघाली, रक्त आलं. खिचडी शिजवणाऱ्या झुंबरबाई धावत आल्या आणि हळद चेपत त्यांनी विचारलं, "कुणी घासाय लावलं गं एवढं?"

"कुणी न्हाई," एंजल म्हणाली.

स्नेहल खांबाआड उभी होती. तिनं ते ऐकलं. तिचं तोंड असं उतरलं की मला तिची दया आली आणि रागही आला.

त्यानंतर एंजल सोमवारी येईनाशी झाली. मंगळवारी यायची, बाक बदलून मागं बसायची, हात दप्तराखाली. मॅडमनी घरी फोन केला तर इसहाककाका म्हणाले, पोट दुखतं म्हणते. मॅडमनी काळजी घ्या म्हणून सांगितलं. विषय मिटला.

स्नेहलचा मिटला नव्हता. तिनं माझ्याकडं बघणं सोडलं. वेण्या घरूनच घालून यायची, भांग वाकडा तर वाकडा. पडवीतून जाताना मान पलीकडं. इतकी वर्षं मी लोकांना निरखतोय, सांगतो तुम्हाला, ज्याच्या मनात काही सलतं तो आरशाला टाळतो. एका सोमवारी मॅडमनी गुलाब तिलाच दिला. माझ्याजवळ उभं केलं आणि फोटो काढायला लागल्या. पहिल्या फोटोत डोळे मिटलेले, दुसऱ्यातही मिटलेले. मॅडम हसून म्हणाल्या, अगं, लाजतेस काय एवढी? ती लाजत नव्हती हो! तिनं गुलाब वर्गात जायच्या आतच काढला आणि पावडरच्या डब्यामागं खोचून ठेवला. तो कितीतरी दिवस तिथंच होता.

मग एक सोमवार असा उजाडला की स्नेहल हात पाठीमागं धरून शाळेत आली. ती सारखी फाटकाकडं बघत होती. परिपाठ झाला, प्रतिज्ञा झाली. मॅडम म्हणाल्या, चल स्नेहल, सुरू कर. ती पडवीच्या पायरीवर उभी राहिली, पुन्हा एकदा फाटकाकडं बघितलं. फाटकात कुणी नव्हतं. तेव्हा तिनं हात पुढं काढले. दहाही बोटं काळी!

आदिनाथ ओरडला, "मंत्रीबाईचंच हात काळं!" आणि अंगणभर हसू फुटलं. मॅडमनीही कपाळाला आठ्या घातल्या.

"धुतलेत मी," स्नेहल म्हणाली. "लई घासलेत. जात न्हाई ते. डाळिंब सोललं की असंच हुतं. काल मी एंजलच्या गाडीवर बसून सोलली. तिला म्हनलं, तू उद्या शाळंत ये, मी सांगते समद्यांना. एंजलचे हात धुतलेले हुते मॅडम. मला पहिल्या दिवशीच म्हाईत हुतं. मी खोटं बोलले."

हसू जागच्या जागी थांबलं. आणि तेवढ्यात मला फाटक दिसलं. रांगेतल्या पोरांच्या फाटकाकडं पाठी होत्या, त्यांना दिसलं नाही. एंजल आली होती. दप्तर छातीशी धरून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

मॅडम पायऱ्या उतरून तिच्याकडं गेल्या. तिचा हात हातात घेतला, अंगठ्यावरची ती जागा बघितली. मग एवढंच म्हणाल्या, "एंजल, चुकलं बाळा माझं. मी तुला एकदा तरी विचारायला हवं होतं." त्या दिवसापासून गुलाब बंद झाला, फोटो बंद झाला, आणि कुणालाही माझ्यासमोर उभं करणं बंद झालं. हात अजून बघतात, पण आता आधी विचारतात.

आता तुम्हाला वाटेल, दोघी गळ्यात पडल्या आणि सगळं गोड झालं. तसं झालं नाही. सगळे वर्गात गेल्यावर दोघीच पडवीत राहिल्या. स्नेहल म्हणाली, आदिनाथ चिडवील असं वाटलं, म्हणून तसं बोलले. बोलताना तिचं तिलाच ते कारण एवढंसं वाटलं असावं, कारण तिनं वाक्य अर्धंच सोडलं.

एंजल म्हणाली, "मी तुझ्याकडंच बघत हुते."

एवढं बोलून ती वर्गात गेली आणि मागच्याच बाकावर बसली. स्नेहल माझ्यासमोर खाली बसली, पहिलीतल्या मुलीएवढी झाली, आणि कितीतरी दिवसांनी तिनं माझ्यात आपला चेहरा बघितला. रडत रडत बघितला, पण मान फिरवली नाही.

स्नेहलच्या बोटांचा रंग आठवडा संपायच्या आत उतरला. एंजल मात्र स्नेहलकडं लवकर परतली नाही. बरेच शनिवार गेले, मग एकदा कवायत झाल्यावर ती आपणहून आली, माझ्यासमोर, स्नेहलकडं पाठ करून बसली आणि कंगवा मागं धरला. स्नेहलनं तो घेतला. आता पुन्हा वेण्या घालतात, हसतातसुद्धा. पण कंगवा घेताना एंजलच्या अंगठ्यावरचा वण समोर येतो, आणि स्नेहलचा हात तिथं थांबतो. दर वेळी थांबतो. मला दिसतं ना.

मित्रांनो, माझा आणखी एक कोपरा उडायला लागलाय. मला ओल्या फडक्यानं पुसू नका, कोरड्यानं पुसा, म्हणजे मी आणखी थोडी वर्षं टिकेन. आणि दुसरी विनवणी अशी की कुणाला माझ्यासमोर उभं करायचं मनात आलं, तर आधी त्याच्यासमोर तुम्ही उभे राहा आणि विचारा. मला हात दिसतात. ते कशानं काळे झाले, हे मला विचारू नका. ते ज्याला ठाऊक असतं, तो तुमच्या रांगेतच उभा असतो आणि कुणीतरी त्याच्याकडंच बघत असतं.