विड्यांनी मोजलेली दरी

मित्रांनो, मला कुणी बोलायला सांगितलेलं नाही, तरी मी बोलणार आहे. मी एक चंची आहे. अल्पाकाच्या लोकरीची, गळ्यात अडकवायच्या दोरीची, वयाने चौतीस वर्षांची. माझ्या पोटात कोकाची पानं आणि त्यांच्यासोबत चावायची राखेची एक गोळी असते. माझे रंग उडाले आहेत, तळाला दोन ठिगळं आहेत, पण मी अजून कामावर आहे. हे आधीच सांगते, कारण लोकांना मला जुन्या वस्तूंच्या रांगेत बसवायची फार घाई असते.

सातुर्निनाने मला आपल्या नवऱ्यासाठी, कासिमिरोसाठी विणलं. कासिमिरो खेचरं हाकणारा. पेरूतल्या कोल्काच्या खोल दरीत उतरायचं, तळच्या गावांना मीठ-साखर पोचवायची आणि फळं लादून वर यायचं, हे त्याचं आयुष्य. निघताना तो माझ्यातून तीन अखंड पानं निवडतो, डोंगरासमोर धरून त्यांवर फुंकर घालतो, आणि मगच पहिला विडा गालात ठेवतो. त्या विड्याचा रस संपला की एक विडा वाट झाली. आमच्याकडे अंतर असंच मोजतात. सपाटीवर एका विड्यात माणूस लांब जातो, चढणीवर थोडंच. नकाशा जमीन मोजतो. विडा माणसाचा दम मोजतो. घड्याळ लावलंत तर एक विडा म्हणजे चाळीस मिनिटं.

पुष्कळ वर्षं माझा शब्द शेवटचा होता. कासिमिरो चंचीवर थाप मारून सांगायचा, "अजून दोन विडे," आणि दमलेली माणसं उठून चालू लागायची.

यंदा मात्र माझ्यावर आळ आला.

पावसात कडा कोसळून चढणीची जुनी वाट गेली. गावाने नवी खोदली. त्याच सुमारास शहरातल्या एका कंपनीचा रेयनोसो नावाचा माणूस आला. गावाने सगळी खेचरं हंगामभर त्याच्या हाती द्यावीत, असं त्याचं म्हणणं होतं. त्याची सहल दोन दिवसांची होती : एक दिवस उतरायचं, दुसऱ्या दिवशी चढायचं. सखल मुलखातून आलेल्या पाहुण्याला इथल्या उंचीवर धाप लागते, डोकं दुखतं, हे त्याच्या कागदावर कुठेच नव्हतं. कासिमिरोची लेक हेर्मेलिंडा म्हणाली की सहल आपणच नेऊ, आपल्या पद्धतीने. आरेकिपा शहरातल्या आठ शिक्षकांनी तिला विचारलंही होतं. निर्णय रविवारच्या गावसभेत व्हायचा होता.

तिने आखणी केली. पहिला दिवस गावात विश्रांती, दुसरा उतरण्याचा, तिसरा चढण्याचा. नवी चढण किती, ते बापाला विचारलं. "चार विडे," तो म्हणाला. म्हणजे पहाटे निघालं की तीन तासांच्या आत वर. आठ वाजता त्या कड्यावर ऊन येतं, आणि तिथे ना सावली, ना पाणी. हिशोब चोख बसला.

सभेत कागद वाचला गेला तेव्हा सातुर्निनाची बहीण हुस्ता हसू लागली.

"दाजी, दाढा कधी काढल्यात?"

"थंडीत. त्याचं काय इथं?"

"अहो, तुम्ही आता विडा चावत नाही, चोखता. तुमचा एक विडा माझं अख्खं जेवण होईपर्यंत पुरतो."

सभा हसली. रेयनोसो सगळ्यांत जास्त हसला. असल्या पिशवीवर भरवसा ठेवून पाहुण्यांना उन्हात मारणार का, असं त्याने विचारलं. सभा आठवड्याने पुन्हा बसायचं ठरलं. कासिमिरोने मला गळ्यातून काढलं आणि खुंटीला टांगलं. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

मित्रांनो, चूक माझी नव्हती. पानं तीच होती. पण चंचीला तोंड असतं, जीभ नसते. तीन दिवस मी खुंटीवर धुमसत होते.

चौथ्या दिवशी हेर्मेलिंडाने मला उतरवून स्वतःच्या गळ्यात घातलं आणि मावशीला हाक मारली. दोघी तळाशी उतरल्या आणि दुसऱ्या पहाटे चढू लागल्या. हुस्ताचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत. दर विड्याला हेर्मेलिंडा एक खडा खिशात टाकत होती. वर पोचल्या तेव्हा खडे सहा झाले होते, आणि ऊन कधीचं पाठीवर आलं होतं.

सभेत तिने स्वतःच सांगितलं की तिचा कागद चुकला होता. रेयनोसो लगेच उठला. तिने त्याला हातानेच बसवलं.

"चार विडे चूक, सहा बरोबर. म्हणून अर्ध्या वाटेवरच्या फळबागेत एक मुक्काम वाढवला. आता सहल चार दिवसांची."

"चार दिवस कोण देणार तुम्हाला?"

"जो देणार नाही, त्याने कड्यावरून दरी बघावी आणि घरी जावं. आम्ही ती कापून लहान करणार नाही."

मग तिने मला बापाच्या गळ्यात घातलं. "बाबा, वाट तुम्हीच दाखवायची. मोजायला फक्त मावशीचे दात."

कासिमिरोने माझी दोरी मानेवर नीट बसवली. मग दाढा गेलेलं तोंड उघडून हसला, आणि सर्वांत आधी त्याचा हात वर गेला. एकेक करत बहुतेक हात वर झाले. खेचरं गावातच राहिली. पुढल्या महिन्यात ते आठ शिक्षक चारही दिवस चालले, आणि दोन्ही चढत्या सकाळी उन्हाच्या आत मुक्कामाला पोचले.

आता तुमच्यासाठी. तुमच्या घरातही एखादं जुनं माप असेल : वीत, पसा, ओंजळ. ते चुकलं तर खुशाल तपासा, उलटंपालटं करून पाहा. पण फेकण्याआधी कुणाच्या हाताने, कुणाच्या तोंडाने मोजलं होतं, ते विचारा. मला ठिगळ लावा, धुवा, पाहिजे तर दोरी बदला. काचेच्या कपाटात मात्र ठेवू नका. तिथे मी एक विडाही टिकणार नाही.