पिळलेल्या सळ्यांची तलवार

मी एक जुनी तलवार आहे. चुकले, मित्रांनो. आधी आम्ही होतो. लोखंडाच्या चार सळ्या, दोन मऊ, दोन कडक. ऱ्हाइन नदीकाठच्या एका भट्टीजवळ पडलेल्या.

"मऊ लोखंडाची तलवार घडवली तर वाकते, कडक लोखंडाची घडवली तर मोडते," लोहार अंदेकाम वैतागून म्हणाला.

भाता ओढणारी त्याची बायको सुआदा फणकारली, "अगदी तुम्हा दोघा भावांसारखं! एकाला कणा नाही, दुसरा लगेच तडकतो. बांधा की एकत्र!"

अंदेकाम हसला नाही. त्याने आम्हाला उचललं.

वेळच तशी होती. पलीकडच्या काठाने गावाचं कुरण मागितलं होतं. नदीच्या उतारावर, गुडघाभर पाण्यात, दोन्ही काठांच्या एकेकाने लढायचं. जिंकेल त्याच्या गुरांना गवत. हरलो तर हिवाळ्यात गोठे रिकामे. आमच्याकडून उतरणार होता लितुगेन, अंदेकामचा जावई.

आग. पीळ. आग. हातोडा.

आम्ही एकमेकींत घुसलो. पुन्हा आग. पुन्हा हातोडा. आम्ही, आम्ही, आम्ही...

मी.

सुआदाने आंबट झालेली जवाची दारू माझ्यावर चोळली, तशा पात्यावर लाटा उमटल्या.

"मामा, ही तर नदीच!" लितुगेन म्हणाला.

"मग उतर तिच्यात. आणि माझ्या लेकीकडे धड परत ये."

पाण्यात पलीकडचा द्रुतल उभा होता. "नक्षी मिरवायला आलास? इथे लग्न आहे का?"

पहिल्याच घावात त्याची तलवार वाकली. तेव्हा सगळ्यांच्याच वाकत. रीत अशी, की समोरच्याने थांबायचं आणि वाकलेली पायाखाली दाबून सरळ करू द्यायची. लितुगेन थांबला. पुन्हा घाव, पुन्हा वाक.

"सावकाश रे, घाई नाही!" काठावरून सुआदा ओरडली.

"तूही तुझी सरळ कर की!" द्रुतल गरजला.

लितुगेनने मला उंच धरलं. मी सरळच होते.

पुढच्या घावानंतर द्रुतलने आपली तलवार रागाने दगडावर दाबली. ती त्याच्याच पायाखाली तुटली. काठावर एकच जल्लोष झाला!

एक काम मात्र राहिलं होतं. लढत जिंकून देणारी तलवार वाकवून तळ्यातल्या देवांना द्यायची असे. गावच्या म्हाताऱ्या पुजाऱ्याने मला गुडघ्यावर दाबलं. मी वाकले आणि टणकन सरळ झाले. पुन्हा दाबलं. पुन्हा सरळ.

"आजोबा, गुडघा सांभाळा!" पोरी खिदळल्या.

म्हातारा धापा टाकत हसला. "देवांना सांगतो, ही अजून कामात आहे."

मित्रांनो, घाव मी सोसते. गंज सोसत नाही. काम झालं की मला पुसा, चरबीचं बोट फिरवा, ओल्या म्यानात कोंडू नका. जिंकलेलेच हे आधी विसरतात.

लितुगेन विसरला नाही. कुरणात गुरं शिरत होती, गाव नाचत होतं, आणि तो गवतात बसून माझी एकेक लाट पुसत होता.