चौकशी

"बंदराच्या पाण्याकडे कुठल्या बाजूने जायचं म्हणालात?" बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

चौकशीच्या खिडकीतल्या माणसाने मान वर केली. आता हा खेकसणार, अशा खात्रीने बाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"थांबा मावशी, मीच येतो," तो म्हणाला आणि शेजारच्या कारकुनाला खिडकी सांभाळायला सांगून बाहेर आला.

बाई स्टेशन बघायला आल्याचं दाखवत होत्या, पण खरं कारण वेगळंच होतं. त्यांचा सारा जन्म बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स म्हणून गेला. मुलगा आजारपणात गेल्यावर घरात त्या आणि सून, दोघीच उरल्या. परवा भाजी चिरताना, मान खाली घालूनच सुनेने सांगितलं, की बंदरावरच्या जुन्या स्टेशनात चौकशीच्या खिडकीवर एकजण आहे, त्याने लग्नाचं विचारलंय. बाई "बघू" एवढंच म्हणाल्या. आणि आज, मैत्रिणीकडे जाते असं सांगून त्यांनी सकाळची गाडी पकडली. वॉर्डाच्या दाराशी त्यांनी नाना तऱ्हेचे नवरे पाहिले होते. मुलगी झाली म्हणून तोंड पाडणारे, बायकोची चौकशी करायच्या आधी घराची किल्ली मागणारे. वैतागला की माणूस खरा कळतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

फलाट लांबच लांब होता. लोखंडी खांबांच्या रांगा, वर रंगीत काचा, आणि छप्पर संपलं की एकदम पाणीच.

"पूर्वी लोक गाडीतून उतरून सरळ बोटीत चढायचे," तो सांगत होता. "पोचवायला आलेल्यांनी इथेच थांबायचं. हा कठडा बघा, हात टेकून टेकून कसा झालाय."

बाईंनी कठड्यावरून हात फिरवला. लाकूड पार गुळगुळीत झालं होतं.

"फार चालवलंत हो," त्या कुरकुरल्या. "गुडघे गेलेत माझे."

"चुकलंच माझं. बसा ना." त्याने बाकावरची धूळ आपल्या रुमालाने झटकली.

वैतागत कसा नाही मेला, बाई मनात म्हणाल्या. "घरी कोण कोण असतं?"

"सध्या एकटाच. जमलं तर तिघं होऊ."

"तिघं?" बाईंनी चमकून विचारलं. "मूलबाळ आहे की काय?"

"नाही हो!" तो लाजला. "लग्नाचं चाललंय. तिची अट आहे, सासूबाईंना एकटं टाकणार नाही. येऊ तर दोघी येऊ, म्हणते."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, पाण्याकडची खोली त्यांना देऊ. उजेड चांगला असतो. फक्त, त्या जरा कडक आहेत असं ऐकलंय."

सुनेने अटीचं अवाक्षर काढलं नव्हतं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"जरा नाही, चांगलीच कडक आहे," त्या म्हणाल्या. "मीच ती."

तो कानांपर्यंत लाल झाला. "अहो... आधी नाही का सांगायचं! चहा तरी..."

"चहा राहू दे. ऐका. ती खोली तुम्हीच वापरा. मी माझ्या घरी बरी आहे. शेजार आहे, वॉर्डातल्या मैत्रिणी आहेत. रविवारी जेवायला येत जाईन, बोलावलंत तर."

"ती नाही ऐकायची."

"ऐकत नाही म्हणजे काय! तिला मी बघते. तुम्ही तारीख धरा."

परतीच्या गाडीत त्याने त्यांना खिडकीची जागा मिळवून दिली आणि तो काय बोलावं ते न सुचून "सावकाश जा" असं पुन्हा पुन्हा सांगत फलाटावर उभा राहिला. बाईंना हसू आलं. माणूस चांगला होता. मुलीचं भलं होईल.

गाडी हलता हलता दुसरी एक बाई धापा टाकत आत आली.

"इथे कुणी येतंय का?"

बाईंनी शेजारच्या जागेवरची आपली छत्री उचलून मांडीवर घेतली.

"नाही," त्या म्हणाल्या. "बसा."