काचेच्या खोलीतले तीन तास

सोडतीचं बक्षीस म्हणून ठेवलेली पांढरी गाडी मॉलच्या मधोमध एका काचेच्या खोलीत उभी होती. तिच्या काचा पुसायचं काम काचवाल्या काकांकडे होतं. गाड्यांच्या शोरूममध्ये अठरा वर्षं हेच काम केल्यामुळे त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं तिथे कोणी उरलं नव्हतं. दार उघडं दिसलं की लोक आत घुसून गाडीला हात लावत, म्हणून शोरूमचा मॅनेजर काकांना आत सोडून बाहेरून कुलूप घालायचा. त्या शनिवारी दुपारी त्याने कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकून तो शोरूमला निघून गेला.

काका कामाला लागले. डोक्यावरचे दिवे इतके तापत की स्प्रे काचेवर मारला तर पुसायच्या आत वाळून पट्टे उमटायचे. म्हणून ते टॉवेलवरच मारत, तेही दोनच फवारे. एका टॉवेलने पुसायचं आणि लगेच दुसऱ्या कोरड्याने ओढून घ्यायचं. बाहेरून आडवे हात, आतून उभे, म्हणजे एखादी रेघ राहिलीच तर ती कुठल्या बाजूची ते चटकन कळतं. टॉवेल ते घरी वेगळे धूत. कपडे मऊ करायच्या लिक्विडचा थेंब जरी लागला, तरी काचेवर तेलकट थर बसतो. "माझ्या कपड्यांचेही एवढे लाड करा की कधी," असं लेक चिडवायची. बायको गेल्यापासून घरात दोघंच होती.

पाऊण तासात काम आटोपलं. काकांनी फोन लावला. "साहेब, झालं माझं."

"काका, इथे गिऱ्हाईक बसलंय. तासाभरात येतो. तोवर अजून एक हात मारा ना."

अजून एक हात मारला. मग अजून एक. बाहेर शनिवारची गर्दी वाढत चालली होती. येणारा-जाणारा क्षणभर थांबून आधी गाडीकडे, मग त्यांच्याकडे बघत होता. घसा कोरडा पडला. लघवीलाही लागली होती.

तेवढ्यात सरकत्या जिन्यावरून लेक उतरताना दिसली. सोबत तिने पसंत केलेला मुलगा आणि त्याची आई. त्या दोघांनी काकांना अजून पाहिलं नव्हतं. लग्नाची तारीख ठरवायला ते उद्या घरी येणार होते. वडील गाडीच्या कंपनीत क्वालिटी बघतात, असं लेकीने त्यांना सांगितलं होतं. फोनवरचं ते बोलणं काकांच्या कानावर पडलं होतं आणि ते गप्प बसले होते. खरं म्हणजे ऐकायला बरंही वाटलं होतं.

मुलाची आई, म्हणजे होणाऱ्या विहीणबाई, थेट खोलीच्या काचेपाशी आल्या. त्यांनी बोटाने टकटक केलं आणि गाडीच्या मागच्या काचेकडे खूण केली. खरंच, कोपऱ्यात एक बारीक रेघ राहिली होती. काकांनी ती पुसली. बाईंनी खुशीत मान हलवली. त्यांच्या मागे लेक खांबासारखी उभी होती. एकदाच नजरानजर झाली. मग तिने मान खाली घालून फोनवर बोटं चालवली आणि काकांचा खिसा थरथरला.

"बाबा, आम्ही समोरच चहाला बसतोय. पाठ करून काम करा ना, प्लीज. उद्या त्यांनी ओळखलं तर?"

काकांनी पाठ केली.

पण पाठ केली की तोंड गाडीकडे व्हायचं, आणि गाडीच्या काचा त्यांनीच तीन-तीनदा पुसलेल्या. त्यांत समोरचं टेबल सगळं दिसत होतं. विहीणबाई हसून काहीतरी सांगत होत्या. मुलगा लेकीच्या कपात साखर ढवळत होता. लेक मात्र कपाला हात लावत नव्हती. काकांनी स्प्रेची बाटली उचलली. चार फवारे मारून तसेच वाळू दिले असते तर काच धुरकट झाली असती, काहीच दिसलं नसतं. पण हात धजेना. अठरा वर्षांत त्यांनी जाणूनबुजून काच कधी खराब केली नव्हती.

ती मंडळी उठून गेली, तरी काका बराच वेळ वळले नाहीत.

मॅनेजर आला तेव्हा तीन तास होऊन गेले होते. "वा काका! काच आहे की नाही तेच कळत नाही!"

काका मुतारीकडे धावले.

रात्रीचं जेवण दोघांनी उरकलं. मग लेक म्हणाली, "बाबा, चुकलं माझं."

"कुठलं? खोटं सांगितलंस ते, की मला पाठ करायला लावलीस ते?"

ती रडायला लागली. काकांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "मीही ऐकून गप्प बसलोच की. फोन लाव. उद्या त्यांच्यासमोर मला हे खोटं निभवायला जमायचं नाही."

तिने विहीणबाईंना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. मग विहीणबाई एवढंच म्हणाल्या, "उद्या येतोच आहोत. तेव्हा बोलू."

रविवारी ते तासभर उशिरा आले. विहीणबाई काकांशी नीट बोलल्या, पण लेकीला त्यांनी तोंडावर सुनावलं. "कामाचं मला काही नाही गं. पण स्वतःच्या बापाला पाठ करायला लावलीस, ते माझ्या मनातून लवकर जायचं नाही. सहा महिने थांबू आपण."

"आई, आम्ही लग्न करणारच आहोत," मुलगा म्हणाला.

"कर की. मी नाही कुठे म्हणतेय? थांब म्हणतेय."

ते गेल्यावर लेक सोफ्याच्या कडेला बसून राहिली. सहा महिने तिला डोंगराएवढे दिसत होते. काका तिच्या शेजारी जाऊन बसले. बऱ्याच वेळाने तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.